फी सांगताना आवाज का बसतो? योगशिक्षकांची पत्रं आणि उत्तरं

या वेळेस योग शिकवणाऱ्यांचीच पत्रं इतकी आली की अख्खं सदर त्यांनाच देऊन टाकलंय. पत्रं वेगवेगळी असली तरी दुखणं एकच आहे, पर्सनल क्लासची फी. बॅचची फी फलकावर लिहिलेली असते, ती कोणी तोंडाने सांगत नाही, पण एकट्याला शिकवायचं म्हटलं की आकडा आपल्यालाच उच्चारायचा असतो आणि तिथेच गाडी अडते. एक आधीच सांगते, "इतके घ्या" असा आकडा इथे मिळणार नाहीये. प्रत्येकाचा खर्च वेगळा, अनुभव वेगळा, आजूबाजूचे दर वेगळे. हिशोब कसा लावायचा ते सांगते, आकडा तुमचा तुम्ही काढा.

प्रश्न : ताई, बॅचमध्ये मी बिनधास्त असते, पण कोणी "पर्सनल घेता का, किती घेता" विचारलं की माझी बोबडीच वळते. ठरवलेल्या फीपेक्षा कमीच आकडा तोंडातून निघतो आणि वर मीच म्हणते, जास्त वाटत असेल तर सांगा हं! मनात कुठेतरी असं बसलंय की ही विद्या आहे, विकायची नसते. माझ्या गुरूंनी मला जवळपास फुकट शिकवलं, मग मी कुठल्या तोंडाने मागू? (सहा वर्षं शिकवणारी एक वाचक)

तुमचं पत्र पहिलं घेतलं कारण निम्म्या पत्रांत हेच आहे, फक्त तुम्ही ते सरळ लिहिलंत.

आधी "पूर्वी सगळं फुकट होतं" हे बघू, कारण हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की तपासतच नाही. आज जगभर जी आसनं शिकवली जातात त्यातला मोठा भाग कृष्णमाचार्य आणि त्यांच्या शिष्यांकडून आलाय. ते १९३० च्या दशकात म्हैसूरच्या राजवाड्यातल्या योगशाळेत शिकवायचे. तिथल्या मुलांना पैसे पडत नसतील, पण शाळा काही हवेवर चालत नव्हती, महाराजांचा आश्रय होता. स्वातंत्र्यानंतर तो आश्रय आटला, १९५० मध्ये शाळा बंद पडली आणि कृष्णमाचार्यांना मद्रासला जाऊन नव्याने विद्यार्थी जमवावे लागले. म्हणजे फुकट असं काही नव्हतंच, बिल फक्त शिकणाऱ्याच्या हातात जात नव्हतं. तुमच्या गुरूंनी तुम्हाला फुकट शिकवलं तेव्हा त्यांचं घर कशावर चालायचं हे एकदा आठवून बघा, नोकरी असेल, पेन्शन असेल, घरातलं दुसरं कोणी कमावत असेल. तुमच्या मागे तसं काही आहे का? नसेल तर त्यांचा नियम तुम्हाला जसाच्या तसा लागू होत नाही, त्यात त्यांचा अनादर नाही काही.

आणि थोडं आणखी मागे जायचं तर बृहदारण्यक उपनिषदातले याज्ञवल्क्य बघा. जनक राजाने हजार गायी उभ्या केल्या, शिंगांना सोनं बांधलेलं, आणि म्हणाला तुमच्यात जो सगळ्यात मोठा ब्रह्मज्ञानी असेल त्याने घेऊन जाव्यात. सगळे गप्प. याज्ञवल्क्यांनी शिष्याला सरळ सांगितलं, बाळा हाक त्या घरी! बाकीचे चिडले, तूच काय सगळ्यात मोठा ज्ञानी? तर उत्तर काय, की जो कोणी मोठा ज्ञानी असेल त्याला आमचा नमस्कार, आम्हाला आपल्या गायी हव्यात. मला हा माणूस फार आवडतो. लाजला नाही, आडून बोलला नाही. पण तेच याज्ञवल्क्य पुढे जनकाला शिकवत असताना राजा पुन्हा पुन्हा हजार गायी देऊ करतो तेव्हा म्हणतात, पूर्ण शिकवल्याशिवाय घेऊ नये असं माझ्या वडिलांचं मत होतं. हे दोन्ही एकाच माणसाचं आहे हे लक्षात घ्या. हवं ते स्पष्ट सांगायचं, आणि शिकवल्याशिवाय घ्यायचं नाही. खाली पॅकेजच्या प्रश्नात हे परत लागणार आहे.

आणि योगात अपरिग्रह, म्हणजे संग्रह न करणं, सांगितलाय मग फी कशी मागू असं म्हणाल, तर तो साठेबाजीबद्दल आहे हो. पोटापुरतं आणि म्हातारपणापुरतं मिळवणं त्यात येत नाही. उलट ज्या यमांच्या, म्हणजे योगातल्या आचारनियमांच्या, यादीत अपरिग्रह आहे त्याच यादीत त्याच्या आधी सत्य आहे. मनात एक आकडा आणि तोंडात दुसरा हे कशात बसतं ते तुम्हीच बघा.

आता प्रॅक्टिकल. घाबरल्यावर आकडा कमी होतो कारण तो आकडा तुम्ही त्या क्षणी, समोरच्याचा चेहरा बघून ठरवताय. तो आधी ठरलेला असला पाहिजे, लिहिलेला असला पाहिजे. एक छोटं फीपत्रक बनवा, फोनमध्ये ठेवा, कोणी विचारलं की "पाठवते हं" म्हणा आणि पाठवून द्या. समोरासमोर सांगायची वेळ आलीच तर वाक्य एवढंच, "एका सेशनची फी इतकी, तासाभराचं असतं." आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे, कारण ती दोन-तीन सेकंदांची शांतता भरून काढायला आपणच डिस्काउंट देऊन मोकळे होतो, समोरचा बिचारा फक्त आपली डायरी आठवत असतो की मंगळवारी जमेल का. आरशासमोर दहा वेळा म्हणून बघा, हसू येईल पण येऊ दे.

प्रश्न : मी बॅचच्या एका सेशनचे जेवढे घेतो त्याच्या दुप्पट पर्सनलचे घेतो. मित्र म्हणतो कमी आहे. बरोबर सूत्र काय आहे? घरी जाऊन शिकवतो, आठवड्याला पंधराच्या आसपास स्लॉट देऊ शकतो.

मित्र बरोबर बोलतोय. बॅचमध्ये समजा बारा जण आहेत, प्रत्येकाकडून एका सेशनचा एक भाग घेता, म्हणजे त्या तासाचे तुम्हाला बारा भाग मिळाले. तोच तास एकाला दिला आणि दुप्पट घेतले तर मिळाले दोन. तुमचा तास बारावरून दोनवर आला आणि शिकणाऱ्याला मात्र तुमचं सगळं लक्ष मिळालं. हां, आता त्या वेळेला बॅच भरतच नसेल, चारच जण येत असतील तर तुलना चारशी करा, आणि वेळ तसाही रिकामाच जाणार असेल तर ही तुलना फार ताणू नका. पण बॅचच्या फीला दोनने गुणायचं हे सूत्र नाहीच, तो अंदाज आहे.

माझं सूत्र कंटाळवाणं आहे पण चालतं. वर्षाला तुम्हाला किती लागतात ते लिहा. घरखर्च तर आलाच, त्यात टॅक्स, प्रवास, मॅट-बेल्ट-ब्लॉक, फोन-इंटरनेट, विमा, तुमच्या स्वतःच्या शिक्षकांची फी आणि वर्कशॉप, आजारपणासाठी थोडं बाजूला, म्हातारपणासाठी थोडं बाजूला. नोकरदाराला भरपगारी रजा असते, तुम्हाला नाहीये, पाठ धरली आणि दोन आठवडे झोपलात तर त्या दोन आठवड्यांचा पगार तुमच्याच फीतून निघायला हवा. हे शेवटचं बहुतेक जण धरतच नाहीत.

मग भागाकार. इथे सगळे चुकतात. पंधरा स्लॉट गुणिले ५२ आठवडे, ७८० सेशन, असा हिशोब करतात. अहो पण तुम्ही ५२ आठवडे शिकवणार आहात का? दोन आठवडे आजारपण, तीन सुट्टी, एक स्वतःच्या शिक्षणाला, राहिले ४६. पंधरा गुणिले ४६ म्हणजे ६९०. आणि सगळे स्लॉट कधीच भरलेले नसतात, कोणी गावाला जातं, कोणी सोडतं, नवीन माणूस यायला महिना लागतो, म्हणून ८० टक्केच धरा, झाले ५५२. वर्षाच्या गरजेला ५५२ ने भागा. जो आकडा येईल तो ७८० ने भागून आलेल्या आकड्यापेक्षा ४१ टक्क्यांनी जास्त असेल. दर वर्षी शेवटी पैसे कुठे गेले कळत नाही म्हणतात ना, ते इथे गेलेले असतात.

यातून निघालेला आकडा हा तळ. याच्याखाली गेलात की तुम्ही पदरचे घालून शिकवताय.

आता तुमचं घरी जाऊन शिकवणं. तासाचा क्लास आहे, जायला-यायला मिळून ५० मिनिटं, आधी त्या माणसाच्या गुडघ्याचं, झोपेचं काय चाललंय ते बघून क्रम ठरवायला १० मिनिटं, नंतर टिपणं लिहायची आणि "सर उद्या जमेल का, कमर थोडी दुखतेय" असल्या मेसेजना उत्तरं द्यायची १५ मिनिटं. झाले १३५ मिनिटं, सव्वादोन तास. तासाचे १०० मिळाले असं वाटतं पण खरं तर तासाला ४४ मिळाले. म्हणून माझा सल्ला असा की घरी येण्याचा चार्ज फीच्या शेजारी वेगळा लिहा, अंतराप्रमाणे. लोकांना तो पटतोही पटकन, कारण प्रवास दिसतो, तयारी दिसत नाही.

तळ काढून झाला की मग आजूबाजूला बघा. पाच-सहा शिक्षक, साधारण तुमच्याएवढ्या अनुभवाचे, काय घेतात ते विचारा. तुमचा तळ त्यांच्या सगळ्यांच्या वर येत असेल तर दोनच शक्यता, एकतर तुमचा खर्च जास्त धरलाय नाहीतर ते सगळे तोट्यात चाललेत, आणि खरं सांगू, बऱ्याचदा दुसरीच निघते. अशा वेळी फी पाडण्यापेक्षा दोघांना एकत्र शिकवण्याचा पर्याय द्या, नवरा-बायको, दोन मैत्रिणी. दोघांची मिळून दीडपट फी ठेवली तर प्रत्येकाला पाऊणच पडते आणि तुमच्या तासाला दीडपट मिळतं.

आणि योगशिक्षकाचा दोनशे तासांचा कोर्स केलाय म्हणून इतकी, पाचशे तासांचा केलाय म्हणून इतकी, असं फीपत्रकात लिहू नका. योग अलायन्स नावाची अमेरिकन संस्था १९९९ मध्ये निघाली आणि तिच्यामुळे हे दोनशे तासांचं माप जगभर रुळलं, ते नोंदणीचं माप आहे. समोरच्याला तुमचे तास नकोयत, त्याला हवंय की त्याचा खांदा ओळखणारं कोणीतरी समोर असावं.

प्रश्न : ताई, माझ्याकडे दोन क्लायंट असे आहेत की क्लासच्या अर्धा तास आधी मेसेज, "आज नको". महिन्यातून चार-चार वेळा. मी कॅन्सलेशनचा छोटासा दंड लावायचा विचार करतेय, फीच्या वीस टक्के वगैरे. चालेल ना?

नको! एवढं एक मी ठामपणे सांगते. याच्यावर एक प्रसिद्ध अभ्यास आहे, ग्नीझी आणि रुस्तिचिनी या दोन अर्थतज्ज्ञांनी तो २००० मध्ये प्रसिद्ध केला. इस्राएलमधल्या हैफा शहरातली दहा पाळणाघरं घेतली, आईबाप मुलांना न्यायला उशिरा यायचे. त्यातल्या सहा ठिकाणी उशिराबद्दल छोटा दंड लावला. उशीर कमी व्हायला हवा ना? वाढला, जवळजवळ दुप्पट झाला. कारण आधी उशीर झाला की शरम वाटायची, बाई माझ्यामुळे थांबल्यात असं वाटायचं, आता ती एक किंमत झाली, दिली की संपलं. आणि गंमत म्हणजे नंतर दंड काढून टाकला तरी उशीर खाली आला नाही, एकदा गेलेली शरम परत येत नाही.

तुमचे वीस टक्के म्हणजे तेच होईल. ते दोघं आनंदाने वीस टक्के भरतील आणि निर्धास्त झोपतील, तुमचा तास मात्र ऐंशी टक्क्यांनी बुडालेला. त्यामुळे एकतर पूर्ण फी, नाहीतर काहीच नाही. २४ तास आधी कळवलं तर सेशन पुढे ढकलता येईल, त्यानंतर कळवलं तर सेशन झालं असं धरलं जाईल, बस. हा दंड नाहीच मुळी, तो तास त्यांच्यासाठी राखून ठेवला होता त्याची ती फी आहे, आणि तुम्ही बोलतानाही दंड हा शब्द वापरू नका.

माणुसकी ठेवायची तर ती पण आधीच नियमात घाला, तीन महिन्यांतून एकदा अगदी ऐनवेळचं कॅन्सल माफ, कारण विचारणार नाही. कारण विचारायला लागलात की कोणाचा ताप खरा आणि कोणाचा खोटा हे तपासायचं काम तुमच्या गळ्यात पडतं. आणि नियम दोन्हीकडून हवा, तुम्ही ऐनवेळी कॅन्सल केलंत तर एक सेशन तुमच्याकडून जास्तीचं. हे लिहिलंत की समोरचा एकदम मऊ होतो बघा. त्या दोघांना सांगताना मागचं उकरू नका, पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून सगळ्यांना हा नियम, एवढंच. एखादा जाईल कदाचित. महिन्यात चार वेळा कॅन्सल करणारा तसाही अर्धा गेलेलाच आहे.

प्रश्न : एका क्लायंटने वर्षाची फी एकदम देतो म्हटलंय, तीस टक्के डिस्काउंट मागतोय. मोठी रक्कम आहे, मोह होतोय. घेऊ का?

मोह होणारच, कोणालाही होईल. पण आकडे बघा. तीस टक्के सोडले म्हणजे तेवढेच पैसे मिळवायला जवळपास ४३ टक्के जास्त सेशन घ्यावी लागतात. तेवढे स्लॉट रिकामे आहेत का तुमच्याकडे?

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, एकदम पैसे भरलेला माणूस नियमित येत नाही. गूरव्हिल आणि सोमन या संशोधकांनी अमेरिकेतल्या एका हेल्थ क्लबच्या सहामाही फी भरणाऱ्या मेंबरांची हजेरी तपासली होती. पैसे भरल्यावर लगेच गर्दी, मग महिन्यागणिक हजेरी उतरत जाते, पुन्हा फी भरायची वेळ आली, पैसे भरले की परत गर्दी. दर महिन्याला भरणाऱ्यांची हजेरी मात्र बरीच एकसारखी राहते. खिशातून पैसे गेल्याची आठवण ताजी असेपर्यंत पाय चालतात, इतकं साधं आहे ते. जिमवाल्याला लोक नाही आले तर फायदाच असतो, पण तुमच्यासारख्या एकेकट्याला शिकवणाऱ्याचं तसं नाही. तो चार महिने आला नाही तर त्याच्यात फरक पडणार नाही, फरक पडला नाही तर तो पुढे नूतनीकरण करणार नाही आणि दहा जणांना सांगेल की योग करून बघितला, काही उपयोग नाही.

म्हणून पॅकेज द्या पण छोटं, आठ किंवा दहा सेशनचं, बारा आठवड्यांत संपवायचं. डिस्काउंट पाच टक्के, फार तर दहा, नाही दिला तरी चालतं, कारण पॅकेजचा खरा उपयोग स्वस्ताई हा नाहीच, त्याने आठवड्याचा वार ठरतो आणि "आज जाऊ की नको" हा रोजचा प्रश्न संपतो. मुदत मात्र लिहाच, नाहीतर दोन वर्षांनी एखादी बाई उगवते, माझी तीन सेशन बाकी होती म्हणून, तेही जुन्या दराने.

आणि आगाऊ आलेले पैसे तुमचे झालेले नसतात. याज्ञवल्क्यांचे वडील आठवा. दहा सेशनचे पैसे आले, ते वेगळ्या खात्यात टाका, एक सेशन झालं की एका सेशनचे काढून स्वतःच्या खात्यात घ्या. त्याने अर्ध्यात सोडलं, त्याचं ऑपरेशन निघालं, तुम्हालाच काही झालं, तर उरलेले परत करता आले पाहिजेत. तुमच्या या क्लायंटला सांगा की वर्षाचं नाही, तिमाही घेते. घाईत असेल तर कुरकुरेल, पण शिकायचं असेल तर थांबेल.

प्रश्न : चार वर्षांपासून काही जण जुन्याच फीवर आहेत. नवीन माणसं त्यांच्या दीडपट देतात. जुन्यांना कसं सांगू? ते घरच्यासारखे झालेत हो.

घरच्यासारखे झालेत म्हणूनच आजवर सांगितलं नाहीये ना! पण चार वर्षांत तुमचं सगळंच महागलं असणार, म्हणजे फी स्थिर नाहीये, दर वर्षी थोडी थोडी कमी होत आलीये.

एकदम दीडपट करू नका, दोन टप्प्यांत करा, आणि यापुढे दर वर्षी ठरलेल्या महिन्यात थोडी वाढ ठेवा, म्हणजे दर वेळी नव्याने धीर गोळा करायला नको. दोन महिने आधी कळवा. मेसेज छोटा असू दे, असा काहीसा : "नमस्कार, अमुक तारखेपासून पर्सनल सेशनची फी इतकी असेल. तोपर्यंत सध्याचीच फी राहील. तुमचा वार आणि वेळ तसाच ठेवलाय, पुढे चालू ठेवायचं असेल तर या महिन्याअखेर कळवा." महागाई, भाडं, मुलीची ॲडमिशन, यातलं काही लिहू नका. कारणं दिली की लोक कारणांवर वाद घालतात.

कोणी सोडलं तर? धरा की सहा जण प्रत्येकी १०० देतात, ६०० झाले. वीस टक्के वाढवलेत आणि एक गेला, पाच गुणिले १२०, तरी ६००च. पैसे तेवढेच आणि आठवड्याचा एक तास मोकळा, तोही नव्या माणसाला नव्या फीने देता येईल. दोन गेले तर ४८०, तेव्हा थोडे दिवस चिमटा बसेल, म्हणूनच सगळ्यांना एकाच महिन्यात सांगण्यापेक्षा निम्म्यांना आधी, निम्म्यांना नंतर असंही करता येतं. फक्त ते एकमेकांना ओळखत नसतील तर बरं!

प्रश्न : मोठ्या बंगल्यात शिकवायला गेले की फी जास्त सांगावीशी वाटते. चुकीचं आहे का?

चुकीचं नसलं तरी अंगाशी येतं. बंगल्यातली बाई आणि तिची दोन खोल्यांतली मैत्रीण एका दिवशी भेटणार आणि आकडे जुळवणार, हे ठरलेलं. जास्त घ्यायचंच असेल तर जास्त काहीतरी द्या, पहाटेचा स्लॉट, महिन्याचा लेखी आराखडा, प्रवासात असताना ऑनलाइन सेशन, आणि ते पत्रकात सगळ्यांसाठी लिहून ठेवा. ज्याला हवं तो घेईल, मग बंगला असो नसो.

प्रश्न : एक गृहस्थ म्हणतात, "स्लिप डिस्क बरी करून दाखवा, मग पूर्ण फी देतो, तोपर्यंत अर्धी." माझा स्वतःवर विश्वास आहे, घेऊ का चॅलेंज?

अजिबात नाही. विश्वास चांगला आहे पण पाठीचा कणा तुमच्या विश्वासाला विचारून दुखत नाही. पाठीचं दुखणं पुष्कळदा काळाने आपोआप कमी होतं आणि कधीकधी काहीही केलं तरी होत नाही, म्हणजे उद्या ते बरे झाले तरी श्रेय तुमचंच असं नाही आणि नाही झाले तरी दोष तुमचा नाही. मग त्याच्यावर फी कशी ठरवायची? शिवाय अशी पैज लागली की आपण नकळत घाई करतो, चार आठवड्यांनी करायचं ते दुसऱ्या आठवड्यात करायला लावतो, आणि पायात कळ जायला लागली, बधिरपणा आला तर मग निस्तरणार कोण?

त्यांना सांगा, फी माझ्या वेळेची आणि कौशल्याची आहे, बरं करण्याचं आश्वासन मी देत नाही, डॉक्टरांनी व्यायामाला हो म्हटलंय का ते आधी कळवा, आणि त्यांनी कुठल्या हालचाली टाळायला सांगितल्यात ते लेखी आणा. एवढं ऐकून ते गेले तर जाऊ द्यात. दुखणं घेऊन येणाऱ्यांची फी थोडी जास्त ठेवायला माझी हरकत नाही, तयारीला दुप्पट वेळ जातो, पण तुमचं त्यातलं वेगळं प्रशिक्षण झालेलं असेल तरच.

प्रश्न : ताई मी २४ वर्षांची आहे, नुकतंच शिकवायला लागले. मावश्या, मैत्रिणी, मैत्रिणींच्या आया, सगळ्यांना फुकट हवंय. आणि खरंच ज्यांना परवडत नाही असेही दोघं आहेत, त्यांना नाही म्हणवत नाही. दिवसाचे तीन तास यातच जातात.

अगं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाच पिशवीत भरू नकोस.

परवडत नाही त्यांच्यासाठी जागा ठेव, आणि त्या मोजून ठेव. आत्ता सुरुवात आहे तर आठवड्याला दोन स्लॉट, तेवढे सोसतात का ते वर आकडेमोड दिलीये त्यात घालून बघ, म्हणजे एकूण स्लॉटमधून ते दोन वजा कर आणि मग भागाकार कर. ते दोन भरले की तिसऱ्याला सांगायचं, आत्ता जागा नाही, रिकामी झाली की कळवते. त्यांच्याकडूनही अगदी थोडी का होईना फी घे, त्यांना झेपेल ती त्यांनीच सांगू दे, एकदा ठरली की विषय बंद. आणि शिकवताना बाकीच्यांसारखंच शिकव, वेळ बदलायची झाली की पहिल्यांदा त्यांचीच बदलायची असं करू नकोस, हे फार होतं.

मावश्यांचं वेगळं. त्यांना परवडत नाही असं नाहीये, त्यांना तू अजून लहान वाटतेस. महिन्यातून एक रविवार सगळ्या मावश्या आणि मैत्रिणींच्या आया मिळून एक मोफत बॅच घे, मजा येईल, त्यांच्यातूनच दोन-तीन बॅचला येतील. पर्सनल हवं असेल तर फीपत्रक पाठव, हवी तर "घरच्यांसाठी" म्हणून दहा टक्के कमी लिही, पण सगळ्या मावश्यांना तेच पत्रक. "माझ्याकडून पण पैसे घेणार का गं?" असं कोणीतरी म्हणेलच. तेव्हा हसून म्हणायचं, "हो मावशी, काम आहे ना माझं हे."

प्रश्न : ऑनलाइन पर्सनलची फी अर्धी असावी असं सगळे म्हणतात. पटत नाही पण उत्तरही सुचत नाही.

वरचाच हिशोब घ्या. घरी जाऊन शिकवताना १३५ मिनिटं लागत होती, प्रवासाची ५० गेली की राहतात ८५. म्हणजे वेळ साधारण ३७ टक्के वाचला, अर्धा नाही. आणि हात लावून दुरुस्त करता येत नाही म्हणून बोलून करावं लागतं, त्याला जास्त डोकं आणि जास्त घसा लागतो. घरी येण्याचा चार्ज आधीपासून वेगळा लिहिलेला असेल तर प्रश्नच येत नाही, ऑनलाइनला तो लागत नाही, सेशनची फी तीच. रेकॉर्डिंग द्यायचं की नाही, किती दिवस ठेवायचं आणि पुढे कोणाला पाठवलेलं चालेल का, हेही पत्रकात लिहून टाका, कारण पहिल्या ऑनलाइन सेशननंतर ते मागितलं जातंच.